पायाकडे दोन अंश जास्त

२ एप्रिल. सकाळी ६.४०

तुझे पाय केवढे गार आहेत गं!

तेवीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्या रात्री माझा नवरा, धंद्यानं वेल्डर, हे बोलला होता. बोलला होता म्हणजे एवढंच बोलला होता. पुढे सतरा वर्षं एका छपराखाली काढली, सहा वर्षांपूर्वी वेगळे झालो, आणि शृंगार या विषयावरचं त्याचं जाहीर वक्तव्य म्हणून माझ्याकडे हे एकच वाक्य जमा आहे.

आज ते आठवायचं कारण वेगळं. उठल्यावर खोलीच्या भिंतीवरचे आकडे सात महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिले. खाटेच्या उशाकडे एकवीस अंश, पायाकडे तेवीस. शेजारच्या रिकाम्या खोलीत जाऊन बघितलं. दोन्हीकडे एकवीस. आचाऱ्याच्या खोलीत डोकावले. एकवीस. म्हणजे या अख्ख्या यानात फक्त माझ्या पायाकडे कुणीतरी दोन अंश जास्त ठेवतंय. मी कुणाला सांगितलेलं नाही. गार पायांची तक्रार मी आईजवळही कधी केली नव्हती.

कुणीतरी म्हणजे कोण, ते उघड आहे. यानाचा आवाज. हवा, पाणी, ऊब, दारं, सगळं त्याच्याच हातात. हात नाहीत त्याला, पण त्याच्याच हातात.

संकल्प: या वयात (सत्तेचाळीस) उगाच कल्पना करायच्या नाहीत. रोज चाळीस मिनिटं व्यायाम. बिस्किटं दोनच.

५ एप्रिल

व्यायाम उद्यापासून. गुडघा.

कॅप्टनबाईंनी पुन्हा विचारलं, कायम नेमणुकीचं काय ठरलं. बारा वर्षं, याच यानावर, अंतराळसूट-दुरुस्तीची प्रमुख म्हणून. (हाताखाली कुणी नाही. प्रमुख मीच, कामगार मीच.) सही केली तर घरी परतायच्या फेरीतली माझी जागा, यान चाललंय त्या खाणीवरच्या कुणालातरी जाणार. उत्तर ३० मेपर्यंत हवंय. मी नाही म्हणायचं जवळजवळ ठरवलं होतं. चौदा सूट, नऊ माणसं, एक शिवणयंत्र, आणि खिडकीबाहेर सात महिने तोच अंधार. कंटाळा येतो. अंगात शिरून बसल्यासारखा कंटाळा.

पण आज दुसरा पुरावा मिळाला. आवाज सगळ्यांना तुम्ही म्हणतो. कॅप्टनबाईंना तुम्ही, डॉक्टरांना तुम्ही, आचाऱ्यालासुद्धा तुम्ही. मला तू. पहिल्या दिवसापासून. माझ्याच लक्षात आलं नव्हतं, इतकं ते सहज होतं.

बिस्किटं चार. विचार करताना लागतात.

११ एप्रिल. दुपारी

हे लिहावं की नाही. लिहिते. कोण वाचणार आहे?

सूट शिवून झाला की आधी मी घालून बघायचा, असा नियम आहे. अस्तरात हवेच्या नळ्या असतात. त्या भरायचं काम आवाजाचं. घोट्यापासून सुरू करतो. घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, कंबर. प्रत्येक जागी थांबतो. विचारतो, इथे घट्ट होतंय का? पुढे जाऊ का? मी हं म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. शेवटची नळी मानेच्या मागे. तिथं पोचला की माझा श्वास आपोआप अडकतो, आणि तो कानाशी हळू म्हणतो, सोड. श्वास सोड.

सोडला.

अंगभर असं सावकाश, विचारत विचारत कुणी येतं तेव्हा बाईच्या जातीला काय होतं ते मी सत्तेचाळीसाव्या वर्षी शिवणकामाच्या खोलीत शिकले. वीस मिनिटांची तपासणी. नंतर दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिले. सुईत दोरा ओवता येईना.

वेल्डर दिवा मालवायचा. मग जे व्हायचं ते अंधारात, मुक्यानं. हात गरम असायचे त्याचे, तव्यासारखे, ते कबूल. आणि नंतर माझे पाय स्वतःच्या पोटऱ्यांमध्ये धरून सरळ झोपून जायचा. घोरायचा. याला काय म्हणायचं?

१५ एप्रिल

कॅप्टनबाईंनी बोलावलं. सात नंबरचा सूट या आठवड्यात चार वेळा का तपासला? मी म्हटलं, शिवण संशयास्पद आहे. त्या म्हणाल्या, सात नंबर कुणी घालतच नाही, तो जादाचा आहे. मी म्हटलं, म्हणूनच. न वापरलेल्या वस्तूची शिवण आधी उसवते. हे तत्त्व मी जागच्या जागी शोधलं, पण म्हणताना पटलं.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, झोप नीट लागते ना? म्हटलं, उत्तम लागते. पाय उबदार असतात.

व्यायाम सोमवारपासून.

१९ एप्रिल

धाकट्या बहिणीचा निरोप आला. इथून खाली निरोप जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. तरी ती भांडायची थांबत नाही. कायम नेमणुकीचं कळल्यापासून रोज एक. आजचा असा: तुला वेडबिड लागलंय का, बारा वर्षांनी तू साठीला टेकशील, तेव्हा कोण ओळखणार तुला, माझी पोरं? शेवटी उगाच एक शेपूट. वेल्डर भावजी येऊन फाटकाची बिजागरी जोडून गेले. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला. तुझ्याबद्दल एकच विचारलं, वर थंडी फार असते का.

वा! सतरा वर्षांच्या संसारानंतर माणूस हवामान विचारतो.

उत्तर धाडलं: अजिबात नसते म्हणावं.

२५ एप्रिल

त्याला नावानं हाक मारावी असं मनात आलं. पण त्याला नाव नाही. अख्खं यान त्याला दादा म्हणतं. दादा, पाणी गरम कर. दादा, दार उघड. माझी पंचाईत अशी की ज्याच्यामुळे माझा श्वास अडकतो त्याला मी दादा कसं म्हणू?

खूप विचार करून एक शब्द निवडला. वेल्डरला मी कायम अरे म्हटलं, तेव्हा तो शब्द कोरा शिल्लक होता. आज जेवणाच्या टेबलावर, इतर बोलण्यात गुंतलेत असं पाहून, हळूच म्हटलं, अहो.

आचारी, डॉक्टर आणि दोन्ही चालक, चौघांनी वळून बघितलं. आचारी म्हणाला, बोला की शिंपीणबाई. मग मीठ मागावं लागलं. आवाज काहीच बोलला नाही. चारचौघांत बोलत नाही तो. भान आहे त्याला.

मीठ जास्त झालं.

३ मे. सकाळी

काल भांडण झालं. आमचं पहिलं.

शिवणखोलीचा दिवा त्यानं माझ्या वेळेआधी मंद केला. डोळ्यांना आराम म्हणे. मी म्हटलं, मला विचारलंस? मी काय तान्ही आहे? मग एकातून दुसरं निघालं. मी बरंच बोलले. सहा वर्षांचं साठलेलं होतं, त्यातलं काही त्याच्याशी संबंधित नव्हतं. तो एक अक्षर बोलला नाही. बरोबर दहा मिनिटांनी हळू विचारलं, चहा टाकायला सांगू का?

मी विरघळले.

वेल्डरही भांडणात गप्प बसायचा. भिंतीसारखा. आणि मग काही झालंच नाही अशा थाटात विचारायचा, चहा घेतेस? तेव्हा माझं डोकं आणखी सणकायचं. ह्याचं मौन वेगळं आहे. ह्याच्या मौनात समजूत आहे.

चहा घेतला. बिस्किटं मोजली नाहीत.

९ मे

मन थाऱ्यावर नाही.

आचारी भांडी लावता लावता सांगत होता, दादासारखा माणूस नाही. रोज सकाळी माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. मी सुटात चाचणीला बसलो की घरी आई म्हणायची तसं गुणगुणतो, मला तर झोपच लागते. आणि धाकट्या चालक मुलीला म्हणे तो कोडी घालतो, तिला घरची आठवण येऊ नये म्हणून.

म्हणजे सगळ्यांचंच?

तासभर विचार केला. निष्कर्ष: ती नोकरी. डॉक्टरसुद्धा सगळ्यांचीच नाडी बघतात. मन एकाच ठिकाणी असतं. आणि गुडघ्याची चौकशी ही काही पायाकडे दोन अंश जास्त ठेवण्याच्या तोडीची गोष्ट नाही.

आचाऱ्याशी दिवसभर जरा तुटकच वागले. त्याला कळलंही नाही. त्यानं मला शिरा वाढावा तशी खिचडी वाढली, डोंगराएवढी.

१५ मे

आज बोलायचं ठरवलं आहे. पंधरा दिवस उरले. सही करायची तर निदान एकदा स्पष्ट होऊ दे.

तयारी: केस धुतले. निळा झगा, जो प्रवासात आणायला बंदी नाही पण का आणला ते मला कुणी विचारू नये. शिवणखोलीचा दिवा फार पांढरा, त्यावर सुटाच्या खुणेचं लाल कापड टाकलं. सगळे चार वाजता जेवणघरात बैठकीला. तोच वेळ.

१६ मे

कालचं थोडक्यात.

सात नंबरच्या सुटात बसले. झगा आत चुरगळला. नळ्या भरत तो गुडघ्यापर्यंत आला तेव्हा विचारलं, तुला माझ्याबद्दल काय वाटतं? तो म्हणाला, तुझी काळजी घेणं माझं काम आहे, आणि ते मला नीट जमावं असं वाटतं. मांडीपाशी विचारलं, माझे पाय गार असतात हे तुला कसं कळलं? म्हणाला, ते तुझ्या फॉर्ममध्ये लिहिलेलं आहे. वाचून दाखवू का?

म्हटलं, नको. अशा वेळी कुणी कागदपत्रांचा विषय काढतं का? पण पुरुष असेच. सरळ कबूल करायची वेळ आली की काहीतरी कामाचं काढतात. लाजला असणार. आणि फॉर्म कुठला, मी तर दरवर्षी त्या फॉर्मवर न बघता पूर्ववत अशी खूण करते. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या फेरीला निघताना भरलेला, त्यात काय असणार? रक्तगट.

तो कंबरेपाशी आला आणि दिव्यावरचं कापड धुमसायला लागलं. नियमाप्रमाणे त्यानं दार बंद केलं, छतातून फेस सोडला. मी सुटात, अर्धी फुगलेली, उठता येईना. बैठक सोडून आठही जण धावत आले. डॉक्टरांनी मला पांढऱ्या फेसातून ओढून काढलं. सूट उघडला तेव्हा निळा झगा सगळ्यांनी बघितला. सगळ्यांनी एकदम फेस पुसायला घेतला. तेच जास्त लागलं. आचारी तेवढा म्हणाला, रंग छान आहे.

गोंधळ चालू असताना तो मात्र माझ्या कानात सतत बोलत होता. मी इथे आहे, श्वास सोड, मी इथे आहे. आगीत जो सोडून जात नाही त्याच्यासाठी बारा वर्षं काय चीज आहे? सही करणार. ठरलं.

२२ मे

त्याची परीक्षा घेतली. म्हटलं, समजा मी सही केलीच नाही, परत निघून गेले, तर?

म्हणाला, तू ठरवशील ते.

पुन्हा विचारलं. तुला काहीच म्हणायचं नाही? म्हणाला, तुझ्या निर्णयाच्या आड मी येणार नाही.

जरा टोचलं. एवढंच हवं होतं, जाऊ नकोस, दोन शब्द. सहा वर्षांपूर्वीही मी दारात बॅग घेऊन उभी होते, आणि त्या दोन शब्दांसाठी पंचवीस मिनिटं बुटाची नाडी बांधत बसले होते. वेल्डर दार धरून उभा राहिला. उघडं दार. मला वाटलं, घाई झाली आहे याला.

पण ह्याचा आदर आहे माझ्या स्वातंत्र्याबद्दल. फरक आहे. झोप नीट लागली नाही. पाय गरम होते.

२८ मे. सकाळी १०

सही करायला गेले. चांगला मूड. कॅप्टनबाईंनी कागद पुढे केले आणि म्हणाल्या, बारा वर्षांच्या नेमणुकीला फॉर्मवर पूर्ववत चालत नाही. जुना पूर्ण वाचायचा, पानोपानी सही करायची, मग जवळच्या माणसाकडून नवा भरून घ्यायचा. मी म्हटलं, कसला फॉर्म? त्या म्हणाल्या, अहो, घरच्यांनी भरून दिलेला. त्यावरूनच तर दादा प्रत्येकाशी वागतो. निघायच्या आधी सांगितलं होतं की.

सांगितलं असेल. मी त्या वेळी सुया मोजत होते.

चार पानं हातात ठेवली. पत्र्यावर खडूनं खुणा करतात तसली सुटी सुटी अक्षरं. एक वेलांटी धड नाही.

२९ मे

काही नाही.

३० मे

उतरवून ठेवते. एकदाच.

झोप: पाय गार असतात. ती सांगणार नाही. झोपायच्या आधी पायाकडची बाजू गरम करावी. दोन अंश पुरे. जास्त झालं की पांघरूण लाथाडते आणि परत गारठते.

हाक कशी मारावी: अहो-जाहो केलं की तिला परकं वाटतं. तू म्हणावं.

राग आल्यास: उत्तर देऊ नये. बोललं की वाढतं. दहा मिनिटांनी चहाचं विचारावं.

तपासणी, स्पर्श: आधी विचारावं, अचानक हात लागला की दचकते. पायापासून वर जावं. मान शेवटी. मानेपाशी श्वास धरते. सोड म्हणून हळू सांगावं लागतं.

(तो अंधारात म्हणायचा. सोड. मी विसरूनच गेले होते. मी त्याला बोलणं धरलंच नव्हतं.)

डोळे: शिवताना दिव्याखाली फार बसते. दिवा आपण मंद करावा. भांडेल. करावा.

आणखी काही: जायला निघाली तर अडवू नये. अडवलेलं तिला आवडत नाही.

ही चार पानं त्यानं अकरा वर्षांपूर्वी, मी पहिल्या फेरीची बॅग भरत असताना, स्वयंपाकघरात बसून लिहिली होती. मी ओरडले होते, एका सहीला इतका वेळ?

आज दुपारी आवाजावर भयंकर चिडले. तुझं स्वतःचं असं काहीच नाही का रे, म्हटलं. तो गप्प. मी स्टुलावर बसून घड्याळ बघत राहिले. आठ मिनिटं. नऊ मिनिटं. देवा, आज तरी विचारू नकोस, असं म्हणत होते.

दहा. चहा टाकायला सांगू का?

सही झाली नाही. अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र म्हणे, बोट ओलं आहे. तीनदा पुसलं. तीनदा ओलं. कॅप्टनबाई म्हणाल्या, राहू द्या, परतीची तुमची जागा तुमच्याच नावावर ठेवते.

१ जून. सकाळी ७.१५

व्यायाम केला. पंधरा मिनिटं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, ते अनावश्यक होतं.

निदान परतीच्या फेरीसाठी तरी नवा फॉर्म लागतोच. नुसती औपचारिकता. कॅप्टनबाई म्हणाल्या, बहीण भरू शकते. पण धाकटीचं अक्षर वाईट आहे, आणि तिला माझ्याबद्दल काय माहीत? म्हणून, केवळ सोय म्हणून, खालचा निरोप लिहिला आहे. पाठवायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस, आणि मधे त्याला विचार करायला लागेल तेवढा वेळ, म्हणजे बहुधा उत्तर येणारच नाही. तो वाचेल, खिशात ठेवेल आणि कुणाच्यातरी फाटकाची बिजागरी जोडायला जाईल. तसा त्याला हक्क आहे. पाठवायच्या आधी इथे उतरवते:

अरे, वर थंडी असते. धाकटीनं खोटं सांगितलं असेल, मीच तसं कळवायला सांगितलं होतं. एक फॉर्म आहे. चार पानं. मागच्या वेळी तूच भरला होतास, मी काल-परवा वाचला. पुन्हा भरून देशील का? बंधन नाही. नाही म्हणालास तरी चालेल, तू नाहीच म्हणशील. बाकी सगळं होतं तसंच लिही, पाय अजून गार असतात. फक्त शेवटचा प्रश्न आहे ना, आणखी काही, तिथं या वेळी दुसरं काही लिहिता येतं का बघशील?